खिंडीतलं धुकं आणि लव्हायनाचं घड्याळ

लव्हायना फेटरॉल्फला एकच खोड होती, दुसऱ्याचा फोन ऐकायची. आणि ही खोड त्या दरीत आणखी कोणाला नव्हती असं सांगणारा माणूस एकतर बहिरा असेल, नाहीतर खोटारडा.

एकाच तारेवर आठ घरं टांगल्यावर दुसरं होणार तरी काय? खाली सायरस ग्रॅम्लीच्या दुकानापासून वर खिंडीच्या पायथ्याशी फेटरॉल्फांच्या शेतापर्यंत एकच तार. घंटी वाजली की आठही घरांत वाजायची. दोन लांब, एक छोटी म्हणजे सायरस. एक लांब, तीन छोट्या म्हणजे फेटरॉल्फ. ज्याची घंटी त्याने उचलायचं, बाकीच्यांनी आपापल्या कामाला लागायचं, असा नियम. नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. घंटी झाली की सगळ्या घरांत रिसीव्हर हळूच उचलले जायचे आणि बायका फोनच्या तोंडावर तळहात दाबून धरायच्या, श्वास पलीकडे जाऊ नये म्हणून. मग रविवारी चर्चमध्ये भेटल्यावर डोळे मोठे करून म्हणायचं, "अगंबाई, हो का? मला तर आत्ताच कळतंय!" कबूल म्हणून कोणी करायचं नाही.

तारेवर नव्हतं ते एकच घर, योस्ट हर्ट्झलरचं. ते पडले आमिश पंथाचे. मोटार नको, वीज नको, फोन तर नकोच नको. फोनने घरोघर चहाड्या वाढतात, असं त्यांच्या वडीलधाऱ्यांनी बारा वर्षांपूर्वी ठरवलं होतं. लव्हायना त्यांना फार हसायची. "बिचारे," म्हणायची, "त्यांच्या घरी कोणी मेलं तर शेवटी गाईला कळतं."

टपालाची विमानं सुरू झाली आणि या फोनला आणखी एक काम लागलं. पूर्वेला चाळीस मैलांवरच्या मैदानातून रोज सकाळी एक विमान निघायचं. ते पेनसिल्व्हेनियाचे डोंगर ओलांडून पश्चिमेला जायचं आणि ओलांडायचं ते या खिंडीतूनच. वैमानिक उघड्यावर बसलेला. समोर काच म्हणून वीतभर तुकडा, तोंडावर एंजिनाचं तेल, गुडघ्यांशी पेट्रोलची टाकी, दिशा बघायला खाली आगगाडीचे रूळ. ढगात शिरला की वर कुठलं आणि खाली कुठलं हे त्याचं त्यालाही कळायचं नाही. पहिल्या वर्षभरात या डोंगरांत तिघं गेले होते. एक झाडाच्या शेंड्यात सापडला, एक जळाला, आणि एकाच्या कडक झालेल्या मुठीतून विमान वळवायचा दांडा सोडवायला दोघं लागले. म्हणून रोज सकाळी बरोबर सातला मैदानावरून सायरसला फोन यायचा. "खिंड दिसतेय का?" सायरसने दुकानाच्या पायरीवर जायचं, खिंडीतला उंच सुळका दिसतो का बघायचं आणि आत येऊन सांगायचं. दिसला तर विमान सुटायचं, नाही तर थांबायचं. सुळका दिसणं म्हणजे एका माणसाचा जीव, एवढं साधं गणित होतं.

सायरस होता एकाहत्तर वर्षांचा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. हे अख्ख्या दरीला ठाऊक होतं. दुकानात तो साखर म्हणून मीठ बांधून द्यायचा आणि लोक बाहेर येऊन पोट धरून हसायचे. पण सरकारी हवामान सांगायचा मान त्याचा. भिंतीवर चौकटीत लावलेलं पत्र होतं. ते काढून घ्या, असं म्हणणार कोण?

आणि लव्हायना? ती रोज सातला सायरसचा फोन ऐकायची. हवामान ऐकायला नव्हे हं, हवामान तिला खिडकीतून फुकट दिसायचं. मैदानावरचा माणूस आधी दोन मिनिटं सायरसशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा, त्या तिला हव्या असायच्या.

तिच्या स्वयंपाकघरात फोनच्या शेजारीच माहेरचं उभं घड्याळ होतं. टोले असे खणखणीत, की गोठ्यात ऐकू यावेत. सप्टेंबरात चर्चच्या जेवणाला सगळी दरी जमली होती. कोंबडीचा रस्सा झाला, काकवीचा केक झाला, आणि सायरस काठी टेकत उभा राहिला.

"मंडळी, एक कोडं आहे. रोज सातला मी मैदानाशी बोलायला लागलो की तारेवर सात टोले पडतात. माझ्या दुकानात घड्याळ नाही, मैदानावरच्याकडेही नाही. मग हे भूत कोणाचं म्हणायचं?"

सगळ्यांच्या माना लव्हायनाकडे वळल्या. हसायला सगळ्यात पुढे कोण? स्टोव्हरांची केटी, जी स्वतः रोज ऐकायची! लव्हायनाचे कान लालबुंद झाले.

"मी कोणाचे फोन ऐकत नाही," ती उभी राहून म्हणाली. "देवाशपथ सांगते. पाद्रीबाबा इथे बसलेत, त्यांच्यासमोर सांगते."

झालं. आता शपथ घेतली म्हणजे ऐकणं सुटावं की नाही? सुटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने एलायसचा, म्हणजे नवऱ्याचा, लोकरीचा पायमोजा घड्याळाच्या टोल्याच्या हातोडीवर चढवायला सुरुवात केली. पावणेसातला मोजा चढायचा, सव्वासातला उतरायचा. एलायस त्या वेळी गोठ्यात असायचा, त्याला पत्ताही नव्हता.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी सातला घंटी झाली. दोन लांब, एक छोटी. लव्हायनाने रिसीव्हर उचलला, तोंडावर हात ठेवला.

"काय सायरसकाका, खिंड कशी आहे?"

"काचेसारखी!" सायरस म्हणाला. पायरीवर जाऊन आल्याएवढा वेळसुद्धा गेला नव्हता.

लव्हायनाने सवयीने खिडकीबाहेर पाहिलं. खिंड नव्हतीच. धुकं खाली तिच्या वरच्या कुरणाच्या कुंपणापर्यंत उतरलं होतं. सुळका सोडा, कुरणातलं अक्रोडाचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

तिचा हात फोनच्या तोंडावरून अर्धा इंच सरकला. शब्द जिभेवर आला होता. मग तिला चर्चमधली ती सगळी तोंडं दिसली. हात परत जागेवर गेला.

तिने स्वतःला काय काय सांगितलं ते ऐका. धुकं उठेल. वैमानिक काय दूधखुळे असतात? आणि मीच एकटी थोडी ऐकतेय, बाकीची सहा घरं आहेत, बोलतील की कोणीतरी. तिकडे त्या सहा घरांतही हेच चाललं असणार. तारेवर कोणी ब्र काढला नाही. फोन बंद झाला.

पावणेआठला एंजिनाचा आवाज आला. खूप खाली आला, डोक्यावरून गेला आणि मग वरच्या कुरणात लाकडं मोडल्यासारखा कडाड कडाड आवाज झाला. मग काहीच नाही.

लव्हायना धावली. चप्पल कुठे, पदर कुठे म्हणतात ना, तशी. त्या मुलखात पदर नसतो, पण एप्रन कुंपणाच्या तारेत फाटून राहिला. एलायस गोठ्यातून आला. विमान अक्रोडाच्या झाडात नाक खुपसून पडलं होतं, पेट्रोल ठिबकत होतं आणि आत एक पंचविशीचा मुलगा ओरडत होता, "टपाल! आधी टपाल काढा!"

"टपाल गेलं खड्ड्यात!" एलायस ओरडला. दोघांनी त्याला ओढून काढलं. त्याचा डावा पाय भलतीकडे वळला होता. लव्हायना मात्र परत गेली. तापलेल्या एंजिनाशेजारून तिने टपालाच्या चारही थैल्या एकेक करून ओढून काढल्या. पेट घेतला असता तर तिची राख झाली असती. ती का गेली, हे फक्त तिला माहीत होतं.

पोराचं नाव ऑरिन मॅक्लीश. पाय दोन ठिकाणी मोडला होता, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी आठवडाभर हलवायचं नाही म्हणून सांगितलं, म्हणून तो लव्हायनाच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहिला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, 'शूर शेतकरीण'. पाद्रीबाबांनी येऊन तिचा हात हातात घेतला. केटी स्टोव्हर केक घेऊन आली, डोळे टिपत म्हणाली, "लव्हायना, तू म्हणून गं!" दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं टाळलं. लव्हायनाने तो केक तसाच एलायसपुढे ठेवला.

आणि ऑरिन तिला मावशी म्हणायला लागला.

"मावशी, तुमच्या हातचा रस्सा खाऊन मी दुसरा पायही मोडून घेईन."

"गप रे. वाईट बोलू नये."

"मावशी, तुम्ही नसता तर मी तिथेच भाजून निघालो असतो."

ती पाणी आणायच्या निमित्ताने उठून जायची आणि घड्याळाला पाठ लावून उभी राहायची. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. चर्चमध्ये वाटली होती ती काय लाज? तो नुसता अपमान होता. दोन्हींतला फरक तिला बेचाळीसाव्या वर्षी कळत होता.

गुरुवारी मैदानावरून चौकशीला साहेब आले, हॅलोवेल नावाचे. सडपातळ, सभ्य माणूस. खुर्ची पलंगाशी ओढून बसले. लव्हायना दाराशी कॉफी घेऊन उभी.

"धुकं होतं साहेब," ऑरिन म्हणाला. "खिंडीत शिरलो आणि पुढचं पंख्याचं पातंसुद्धा दिसेना."

"हवामान स्वच्छ कळवलं होतं. ग्रॅम्लींबद्दल अकरा महिन्यांत एक तक्रार नाही."

"मग त्यांनी चूक केली असेल."

"की तू रूळ बघायला उगाच खाली आलास? पोरं हौसेने येतात, मला ठाऊक आहे." साहेबांनी कागद मिटला. "मागच्या हिवाळ्यात तू धुकं म्हणून परत फिरला होतास. तेव्हा तुला भित्रा म्हटलं होतं, नाही का?"

"म्हणूनच या वेळी सांगितलेल्या हवामानावर विश्वास ठेवला," ऑरिन हळू आवाजात म्हणाला.

साहेबांनी त्याच्या हातावर थोपटलं. वाईट माणूस नव्हता तो. पण मंगळवारी कागद पुढे जाणार होता आणि त्यावर 'बेपर्वाई' असं लिहिलं जाणार होतं. एकदा तसं लिहिलं की या पोराला पुन्हा कोणी विमानाला हात लावू देणार नव्हतं. साहेब गेल्यावर ऑरिनने तोंड भिंतीकडे केलं.

"मला दुसरं काही येतच नाही हो, मावशी," तो म्हणाला. "आणि आता मलाच शंका यायला लागलीय. खरंच धुकं होतं का? की माझंच डोकं फिरलं होतं? एलायसकाका गोठ्यात होते म्हणतात. तुम्ही सकाळी उठला होतात ना? पाहिलंत का तुम्ही?"

आता तरी बोलावं की नाही बाईने? ती म्हणाली, "मी चुलीपाशी होते. लक्ष नव्हतं."

तोंडातून गेलं ते गेलं. त्यानंतर चार दिवस ती घरात चोरासारखी वावरली. रोज सातला घंटी व्हायची, सायरस 'काचेसारखी' म्हणायचा, आणि पावणेआठला दुसरंच कोणी पोर डोक्यावरून खिंडीकडे जायचं. एंजिनाचा आवाज डोंगरापलीकडे जाईपर्यंत लव्हायना ओट्याची कड धरून उभी असायची. एलायस एकदा म्हणाला, "तुला बरं नाही का?" ती म्हणाली, "काही नाही." सायरसला दिसत नाही हे साहेबांना कोणीतरी सांगायला हवं, एवढंच तो पुटपुटला आणि गोठ्यात गेला. त्याला बाकीचं काही माहीत नव्हतं.

मंगळवार उजाडला. त्या दिवशी खिंड मेली खरंच आरशासारखी होती, सुळक्यावरचं झाडन् झाड मोजावं. लव्हायनाने पावणेसातला मोजा हातात घेतला, हातोडीपाशी नेला आणि तशीच उभी राहिली. मग तो मोजा तिने एप्रनच्या खिशात कोंबला.

सातला घंटी झाली. दोन लांब, एक छोटी. तिने रिसीव्हर उचलला.

"ग्रॅम्ली, मी हॅलोवेल. आजचं नंतर सांगा. आधी मागच्या मंगळवारचं शेवटचं विचारून घेतो. कागद आज जातोय. खिंड दिसत होती?"

"काचेसारखी, साहेब. माझा शब्द आहे."

आणि घड्याळाचे टोले पडायला लागले. एक. दोन. तीन. चार.

"लव्हायना!" सायरस किंचाळला. "फोन ठेव आधी!"

लव्हायनाने फोनच्या तोंडावरचा हात काढला. सातवा टोला होईपर्यंत ती थांबली.

"साहेब, मी फेटरॉल्फ. तो पोरगा माझ्याच घरी आहे. सायरसकाका खोटं बोलत नाहीत, त्यांना दिसतच नाही. मोतीबिंदू आहे. त्या दिवशी खिंडीत धुकं होतं. माझ्या कुरणापर्यंत आलं होतं."

"तुम्ही तर लक्ष नव्हतं म्हणाला होतात. मॅक्लीशने मला चिठ्ठीत तसं कळवलं."

"खोटं बोलले मी. मी फोन ऐकत होते. सातला. रोज ऐकते. काका काचेसारखी म्हणाले तेव्हा मी खिडकीतून धुकं बघत होते, आणि मी गप्प बसले."

"बाई, तुमचा एकटीचा शब्द, आणि तोही आता फिरवलेला. ऐकणारं आणखी कोणी आहे?"

तारेवर माणसं आहेत हे लव्हायनाला कळत होतं. इतके रिसीव्हर उचललेले असले की आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. ती म्हणाली, "केटी, सांग गं. सांगा कोणीतरी."

टक्, असा आवाज झाला. कोणीतरी रिसीव्हर ठेवला. मग दुसरा. मग दोन एकदम. मग पाचवा. शेवटचा बराच वेळ रेंगाळला, तिला वाटलं आता बोलेल, आणि मग तोही हळूच टक् झाला. साहेबांचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा मोठा झाला.

"किती जण होते हे?" त्यांनी विचारलं.

"सहा. माझ्यासकट सात."

साहेबांनी पलीकडे कागद उलगडला. मग म्हणाले, "तुम्ही खोटं सांगत असतात तर निदान एक जण तरी तुम्हाला झापायला थांबला असता." कागदावर पेन फिरल्याचा आवाज आला. "ग्रॅम्ली, यापुढे हवामान दुसरं कोणी सांगेल. पोराच्या नावावर काही लिहिलं जाणार नाही. बाई, तुमचं मी वर्तमानपत्राला काही कळवणार नाही."

ते शेवटचं वाक्य त्यांनी चांगुलपणाने म्हटलं होतं. तिला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

तिने रिसीव्हर टांगला आणि वळली. खोलीचं दार सताड उघडं होतं. ऑरिन उशीला टेकून बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

ती आत गेली. उंबऱ्याशी उभी राहिली. "ऑरिन," ती म्हणाली, "तुझं नाव निघालं कागदावरून."

"ऐकलं मी." तो तिच्याकडे बघत होता. "सातला तुम्हाला कळलं. मी निघालो सात वाजून वीस मिनिटांनी. मैदानाला एक फोन करायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं."

"मग त्या वीस मिनिटांत तुम्ही काय केलंत?"

तिला खोटं बोलता आलं असतं. पण आता तेही उरलं नव्हतं.

"घड्याळाचा मोजा काढला," ती म्हणाली. "घडी करून खणात ठेवला. मग तव्यावर मांसाच्या वड्या टाकल्या. एलायसला करपलेल्या आवडत नाहीत, म्हणून तिथेच उभी राहिले."

पलंगाशेजारी सकाळचा रस्सा झाकून ठेवला होता, तो ऑरिनने बोटांनी दूर सरकवला.

"बाई," तो म्हणाला, "मला इथून दुसऱ्या घरी न्या."

मावशीची बाई झाली. तिने मान हलवली आणि गोठ्यात जाऊन एलायसला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मोज्यासकट. एलायस दुधाची बादली हातात धरून ऐकत होता. तो रागावलाही नाही, ओरडलाही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गाडीत पेंढा पसरला, त्यावर गादी टाकली, पोराला उचलून ठेवलं आणि लगाम हातात घेतला.

"कुठे नेऊ?" त्याने विचारलं.

लव्हायनाने खाली दरीतल्या घरांकडे पाहिलं. स्टोव्हरांकडे? केटी पहिली टक् झाली असेल. बिअर्लींकडे? कॉर्मनांकडे? पाद्रीबाबांच्या घरी? त्यांच्या बायकोच्या शिंकेचा आवाज तारेवर तिने कितीदा ऐकला होता. एकेक घर तिने मनात फिरून पाहिलं. ज्या घराच्या भिंतीला फोनची ती लाकडी पेटी होती, ते प्रत्येक घर त्या सकाळी जागं होतं.

"योस्टकडे ने," ती शेवटी म्हणाली.

एलायसने चालत्या घोड्याने, खड्डे चुकवत गाडी नेली. योस्ट हर्ट्झलर टोपी काढत अंगणात आला, त्याची बायको मागून. काय झालं, का आणलं, कोणी विचारलं नाही. योस्टने आणि एलायसने गादीची टोकं धरली. उंबऱ्यावर ऑरिन म्हणाला, "थांबा. तुमच्याकडे फोन आहे?"

"नाही," योस्ट म्हणाला. "तुला कोणाला करायचा होता का?"

"नाही," ऑरिन म्हणाला. "न्या मला आत."

योस्टच्या बायकोने लव्हायनाला कॉफीला थांबायला सांगितलं. लव्हायनाने नको म्हटलं. परत येताना ती पुढे नवऱ्याशेजारी बसली नाही, मागे पेंढ्यावरच बसून आली, आणि एलायसनेही तिला पुढे ये म्हटलं नाही.